नावे झाकून ‘डाऊन’ कसा ऐकावा

निरनिराळ्या बँडमध्ये नाव कमावलेले चार-पाच वादक एकत्र येऊन नवा बँड काढतात, तेव्हा त्याची ओळख त्यांच्या जुन्या बँडच्या नावांनीच करून दिली जाते आणि श्रोताही तीच नावे मनात धरून ऐकायला बसतो. उदाहरणार्थ, पॅन्टेरा या अमेरिकी मेटल बँडचा चाहता अशा रेकॉर्डमध्ये पॅन्टेरा शोधतो, तो सापडला नाही की हिरमुसतो, आणि प्रत्यक्षात जे वाजते आहे ते ऐकायचे राहूनच जाते. हेवी मेटलमधले बरेच सुपरग्रुप, म्हणजे असे नामवंतांचे बँड, एक-दोन अल्बमनंतर विस्मरणात जातात, याला वादकांची व्यग्रता कारणीभूत असते हे खरे. पण ऐकणाऱ्याची ही अपेक्षाही त्याला काही कमी जबाबदार नसते, असे मला वाटते.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १९९१ मध्ये जमलेला ‘डाऊन’ हा बँड कसा ऐकावा, हे येथे सांगायचे आहे. पॅन्टेराचा गायक फिल अँसेल्मो, करोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा गिटारवादक पेपर कीनन, क्रोबारचा गायक आणि गिटारवादक कर्क विंडस्टीन, त्याच बँडचा बेसवादक टॉड स्ट्रेंज आणि आयहेटगॉडचा जिमी बॉवर असे पाच जण त्यात होते. त्यांनी तीन गाण्यांची डेमो कॅसेट तयार केली आणि ती ओळखीपाळखीच्या लोकांना, इतर बँडच्या मंडळींना आणि कॅसेटची देवाणघेवाण करणाऱ्या चाहत्यांना वाटली. मात्र ती देताना आपण स्वतः त्यात आहोत हे ते सांगत नसत. ‘हा डाऊन नावाचा बँड ऐकलास का?’ एवढेच विचारायचे आणि कॅसेट हातात ठेवायची. पॅन्टेराचे नाव तेव्हा चढत्या कमानीवर होते, त्यामुळे ते नाव पुढे करणे सर्वांत सोपे होते, तरी त्यांनी ते केले नाही. श्रोत्यानेही त्यांच्या याच युक्तीचा अवलंब करावा, म्हणजे आधी नावे झाकून ऐकावे आणि कान तयार झाल्यावरच ती उघडावीत.

पहिली बैठक

सुरुवात १९९५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या पहिल्या अल्बमपासूनच करावी. त्याचे नाव ‘नोला’, म्हणजे न्यू ऑर्लिन्स, लुइझियाना यांचे संक्षिप्त रूप. त्यात तेरा गाणी आहेत, पण पहिल्याच बैठकीत ती सगळी ऐकण्याचा अट्टहास नको. ‘स्टोन द क्रो’, ‘जेल’ आणि ‘बरी मी इन स्मोक’ ही तीनच गाणी या क्रमाने ऐकावीत. पहिल्यात गाण्याची चाल सहज लक्षात राहते आणि नवख्या कानालाही दार उघडे सापडते. दुसऱ्यात गिटारीची भिंत जवळजवळ नसतेच, मंद तालवाद्ये आणि दूर कोठून तरी यावा असा धूसर आवाज एवढेच असते. तिसरे हे अल्बमचे शेवटचे गाणे असून त्याच्या रिफमध्ये, म्हणजे गिटारीवर पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या छोट्या स्वरवाक्यात, या बँडचा सगळा जडपणा साठवलेला आहे. एकच बँड ही तीनही गाणी एकाच रेकॉर्डवर ठेवतो, एवढे लक्षात आले तरी पहिली बैठक सार्थकी लागली.

ही गाणी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नयेत, ही सूचना चोखंदळपणाची वाटेल, पण तिच्यामागे साधा हिशेब आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा नेहमीचा स्वर सुमारे ८२ हर्ट्‌झचा असतो. ‘स्टोन द क्रो’साठी सगळ्या तारा तीन अर्धस्वरांनी उतरवलेल्या आहेत, त्यामुळे तो स्वर सुमारे ६९ हर्ट्‌झवर येतो आणि बेस त्याच्याही खाली एक सप्तक, म्हणजे ३५ हर्ट्‌झच्या आसपास वाजतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतक्या खालचे स्वर नीट काढूच शकत नाही. वरचे अंश तेवढे ऐकू येतात आणि संगीत पातळ, किरकिरे वाटते. बरे हेडफोन किंवा घरातला थोडा मोठा स्पीकर पुरेसा आहे. आवाज फार वाढवण्याचीही गरज नाही, कारण या संगीताचा भार स्वर किती खाली उतरवला आहे यावर असतो, आवाज किती मोठा केला आहे यावर नसतो.

मूळ बँडची नावे उघडताना

आठवडाभराने, गाणी थोडी ओळखीची झाल्यावर, मूळ चार बँडकडे वळावे. प्रत्येकाचे एकच काम ऐकावे आणि तेही त्याच काळातले, कारण वीस वर्षांनंतरच्या अल्बमशी तुलना केल्यास हाती काहीच लागत नाही. पॅन्टेराचा १९९२ चा ‘व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर’, क्रोबारचा १९९३ चा बँडच्याच नावाचा अल्बम, आयहेटगॉडचा १९९३ चा ‘टेक अ‍ॅज नीडेड फॉर पेन’ आणि करोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा १९९४ चा ‘डिलिव्हरन्स’ हे चार त्यासाठी योग्य आहेत. संपूर्ण अल्बम ऐकायला सवड नसेल तर प्रत्येकातील दोन-दोन गाणी चालतील. वाटेत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: क्रोबारच्या त्या अल्बमचा निर्माता फिल अँसेल्मोच होता. ही मंडळी कोणा कंपनीने बैठक बोलावून एकत्र आणलेली नव्हती. ती आधीपासून एकमेकांच्या तालमीत, रेकॉर्डिंगमध्ये आणि घरात वावरणारी मंडळी होती. सुपरग्रुप टिकेल की नाही हे बहुधा याच एका गोष्टीवर ठरते.

चार बँड ऐकताना प्रत्येकासाठी एकच प्रश्न मनात ठेवावा, की या माणसाला आपल्या बँडमध्ये कोणती गोष्ट करता येत नव्हती? पॅन्टेरामध्ये अँसेल्मोचा आवाज धारदार, आज्ञा सोडल्यासारखा आणि तालाला घट्ट बांधलेला असतो. आयहेटगॉडमध्ये बॉवर गिटार वाजवतो आणि त्या संगीतात फीडबॅकची किंकाळी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुन्हा गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागात, शिरून होणारा चीत्कार, हेच जणू एक वाद्य असते. क्रोबार सावकाश आणि अतिशय जड. त्यांच्या तारा डाऊनपेक्षाही खाली उतरवलेल्या असतात आणि विंडस्टीन घसा फोडून गातो. करोजन ऑफ कन्फॉर्मिटी हा नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात १९८२ मध्ये सुरू झालेला, मुळात हार्डकोर पंकचा बँड. कीनन १९८९ मध्ये त्यात आला आणि ‘डिलिव्हरन्स’पर्यंत तोच मुख्य गायकही झाला होता. त्याच्या गिटारीत दक्षिणेकडच्या रॉकची लचक आहे. या चौघांची बेरीज करून डाऊन निघत नाही, हे ऐकताक्षणीच कळते. उलट प्रत्येकाने आपली एकेक सवय घरी ठेवली आहे असे वाटते, आणि ती कोणती हे शोधणे हाच पुढच्या अभ्यासाचा विषय आहे.

गिटारवाला ड्रम्सवर

यांपैकी सर्वांत महत्त्वाची अदलाबदल जिमी बॉवरची आहे. आयहेटगॉडचा हा गिटारवादक डाऊनमध्ये ड्रम्स वाजवतो. तो ड्रम्सला नवखा मात्र नव्हता. क्रोबारच्या १९९६ आणि १९९८ च्या अल्बमवरही ड्रम्स त्याचेच आहेत. तरीही डाऊनचा ठेका समजून घेताना ड्रम्सवर बसलेला माणूस गिटारवाल्याच्या कानाने ऐकतो आहे, हे विसरून चालत नाही.

हे स्वतः पडताळून पाहता येते. ‘बरी मी इन स्मोक’ लावावे, रिफ एकदा पूर्ण फिरू द्यावी आणि मग पायाने ठेका धरावा. काही वेळातच असे लक्षात येते की स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा, घाव आपल्या पायाच्या किंचित मागून येतो. लय बिघडलेली नसते. सम चुकत नाही. पण समेवर येण्याची घाई नाही, विलंबित लयीत मुरलेला तबलजी मात्रेला थोडे टेकून बसतो तसा हा ढब आहे. आता लगेच पॅन्टेराचे कोणतेही गाणे लावून त्याच पायाने ठेका धरावा. तिथला ड्रमर विनी पॉल याचे ड्रम्स मात्रेच्या टोकावर, कातरीने कापल्यासारखे पडतात आणि त्यांच्या बेस ड्रमचा आवाजही टणक, खटखटीत आहे. दोन्ही वादन उत्तमच, पण विनी पॉलच्या ठेक्यावर डाऊनची रिफ वाजवली असती तर ती लष्करी कवायतीसारखी ऐकू आली असती. बॉवर मधली जागाही फार भरत नाही. दोन रिफांच्या सांध्यावर जिथे दुसरा ड्रमर हमखास एखादा रोल टाकील, तिथे तो पुष्कळदा नुसता झांजेवर घाव घालतो आणि तारेचा स्वर विरू देतो. गिटार वाजवणाऱ्याला त्या विरत्या स्वराची किंमत ठाऊक असते.

या एका गोष्टीवर मी इतका वेळ घेतो आहे, याचे कारण डाऊन न आवडलेल्या बहुतेकांची तक्रार ‘फार संथ आहे’ अशी असते. वास्तविक अल्बममध्ये मध्यम लयीची गाणी कमी नाहीत. ‘लाइफर’ किंवा ‘स्वान साँग’ काही रेंगाळत नाहीत. संथ वाटतो तो हा मागे टेकण्याचा ढब. तो एकदा पायाला कळला की तक्रार आपोआप मावळते, आणि नाही कळला तर हा बँड आपल्यासाठी नाही असे खुशाल ठरवावे.

दोन गिटारी आणि एक आवाज

पुढचा टप्पा गिटारींचा. हेवी मेटलच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी बहुधा डाव्या आणि उजव्या बाजूला वाटून ठेवतात, तर बेस, ड्रम्सचा मुख्य भाग आणि गायन मध्यभागी असते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाज डावीकडे किंवा उजवीकडे सरकवण्याची सोय असते. ती वापरून ‘टेम्प्टेशन्स विंग्ज’ हे अल्बमचे पहिले गाणे एकदा फक्त डाव्या आणि एकदा फक्त उजव्या कानाने ऐकावे. कोणती बाजू कोणाची हे ठरवण्याची शर्यत लावू नये. रिफ एकच असताना दोन हात ती कशी वेगळी वाजवतात, तार कोण अधिक ताणतो, स्वर कोण लवकर दाबून टाकतो, हे ऐकणे पुरेसे आहे. मग दोन्ही बाजू एकत्र करून तेच गाणे पुन्हा लावले, की आधी एकसंध वाटलेली भिंत दोन माणसांनी मिळून उभारलेली आहे, हे ऐकू येऊ लागते.

गिटार वाजवणाऱ्या वाचकाने याच्या पुढे जाऊन तारा सी शार्पवर, म्हणजे वर सांगितलेले तीन अर्धस्वर खाली, उतरवून ‘स्टोन द क्रो’ बसवून पाहावे. तारा इतक्या उतरवल्या की सैल पडतात, नेहमीच्या जाडीच्या असतील तर लटपटतात, म्हणून थोड्या जाड तारांचा संच लावावा लागतो; आणि सैल तारेवर डाव्या हाताचा दाब जरा जास्त झाला तरी स्वर वर चढतो. हे हाताला कळल्यावर रेकॉर्डवरची जी ढिलाई आपण निष्काळजीपणा समजत होतो, तिच्यामागे किती नेमका दाब आहे ते समजते.

अँसेल्मोच्या गायनाबद्दल थोडक्यात सांगायचे तर पॅन्टेरात तो आज्ञा देतो आणि येथे तो कबुली देतो. ‘स्टोन द क्रो’मध्ये बहुतांश भाग तो ओरडत नाही, खालच्या पट्टीत, शब्द ओढत, दक्षिणेच्या हेलात गातो. त्याच्या तरुणपणीच्या उंच, लखलखीत आवाजाच्या चाहत्यांना येथे आवाजाला चरे पडलेले दिसतील. मला ते चरे या संगीताला शोभणारे वाटतात, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

बर्मिंगहॅमचे ऋण

न्यू ऑर्लिन्सचे नाव आले की लगेच जॅझ आणि त्या शहरातल्या मिरवणुकांचे वाद्यवृंद आठवतात, आणि काही लेखक डाऊनच्या ठेक्यात तेच शोधतात. माझ्या मते हे नाते फार ओढून आणलेले आहे. या बँडचे खरे मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये, ब्लॅक सॅबथ या बँडकडे आहे, आणि ते ऐकल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही.

सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तेथील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना टोपणे बसवली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधल्या अनेक गाण्यांत तारा तीन अर्धस्वरांनी उतरवून ताण आणखी कमी केला. वीस वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये तारा उतरल्या त्या याच सी शार्पवर. सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड जॅझ ऐकत वाढला होता. डाऊनमध्ये जॅझचा काही अंश असेलच तर तो असा, समुद्रापलीकडून वळसा घेऊन आला आहे. ‘जेल’ ऐकल्यावर लगेच सॅबथचे ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ ऐकावे आणि त्यानंतर त्याच गाण्याची पॅन्टेराने १९९४ च्या अल्बमच्या शेवटी ठेवलेली आवृत्ती ऐकावी. अँसेल्मोला हा मंद, धूसर रंग किती हवाहवासा वाटत होता, आणि पॅन्टेरात त्याला तो अल्बमच्या अगदी शेवटी, दुसऱ्याच्या गाण्यातून आणावा लागला, हे या तीन गाण्यांवरून स्पष्ट होते. डाऊनमध्ये त्याला ती मुभा पहिल्यापासून होती.

पुढचे अल्बम कोणत्या क्रमाने

‘नोला’ चांगला मुरल्यावर कालक्रमाने पुढे न जाता २००७ चा ‘डाऊन ३: ओव्हर द अंडर’ घ्यावा, असे मी सुचवीन. मधल्या काळात पॅन्टेरा फुटला होता. ८ डिसेंबर २००४ रोजी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात रंगमंचावर वाजवत असतानाच पॅन्टेराचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल याला गोळ्या घालण्यात आल्या. आणि २९ ऑगस्ट २००५ ला आलेल्या कॅटरिना चक्रीवादळात बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ‘मोर्न’ हे गाणे डॅरेलसाठी आहे आणि ‘ऑन मार्च द सेंट्स’ त्या बुडालेल्या शहरासाठी. त्याचे नाव वाचताच त्या शहराच्या मिरवणुकांतले जुने, सर्वतोमुखी असलेले गीत आठवते. बेसवर आता रेक्स ब्राऊन आहे, म्हणजे पॅन्टेराचे दोघे जण येथे आहेत, तरीही संगीत पॅन्टेराकडे झुकत नाही. नावे झाकून ऐकण्याची सवय येथे खरोखर उपयोगी पडते, कारण पार्श्वभूमी इतकी मोठी आहे की ती आधी वाचली तर प्रत्येक स्वर शोकाचा वाटू लागतो. शब्द हातात न घेता एकदा ऐकावे, नंतर शब्द वाचत पुन्हा ऐकावे.

त्यानंतर मागे येऊन २००२ चा ‘डाऊन २: अ बसल इन युअर हेजरो’ ऐकावा. अल्बमचे नाव लेड झेपेलिन या रॉक बँडच्या एका सुप्रसिद्ध गाण्यातल्या ओळीवरून घेतले आहे आणि तो अँसेल्मोच्या जागेवरच्या कोठारात २८ दिवसांत रेकॉर्ड केला गेला. हा अल्बम पसरट आहे, हे मान्य करायला हवे. काही रिफ तालमीत सापडल्या आणि तशाच ठेवल्या असे वाटते, पण संथ, अ‍ॅकूस्टिक वळणाची गाणी त्यात जितकी मोकळी आहेत तितकी अन्यत्र नाहीत. म्हणून ‘व्हेअर आय एम गोइंग’ आणि ‘लर्न फ्रॉम धिस मिस्टेक’ ही दोन गाणी आधी ऐकावीत, संपूर्ण अल्बम नंतर. २०१२ आणि २०१४ मध्ये आलेल्या चौथ्या अल्बमच्या दोन भागांपैकी पहिला, सहा गाण्यांचा, एका बैठकीत संपतो आणि नेटका आहे. त्यावर बेस क्रोबारच्या पॅट ब्रूडर्सचा आहे. दुसऱ्या भागाआधी विंडस्टीन बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी बॉबी लँडग्राफ आला. विंडस्टीन पुढे परतला, पण हा भाग ऐकताना डाव्या-उजव्या कानाचा प्रयोग पुन्हा करावा. नोलामधला दुसरा हात येथे नाही, हे कानाला जाणवते का, याची ती चांगली परीक्षा आहे.

प्रत्यक्ष मैफलीसाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘डायरी ऑफ अ मॅड बँड’ हे २००६ च्या युरोप दौऱ्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रण पाहावे. डाऊनच्या अनेक मैफलींच्या शेवटी, ‘बरी मी इन स्मोक’ची रिफ फिरत असतानाच, सोबतच्या बँडमधले वादक एकेक करून रंगमंचावर येतात, डाऊनच्या वादकांच्या गळ्यातल्या गिटारी उतरवून घेतात, कोणी ड्रम्सवर बसतो, आणि रिफ न थांबता दुसऱ्याच माणसांच्या हातून वाजत राहते. चित्रणात ही अदलाबदल डोळ्यांनी पाहावी आणि मग तोच भाग डोळे मिटून ऐकावा. वाजवणारे बदलल्यावर काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजून घ्यायला याहून सरळ साधन मला माहीत नाही.

एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका कार्यक्रमाच्या शेवटी अँसेल्मोने नाझी सलाम करून वंशवर्चस्वाची घोषणा दिली. त्यावर तीव्र टीका झाली, त्याने नंतर जाहीर माफी मागितली, आणि युरोपातील एका महोत्सवाने डाऊनचा कार्यक्रम रद्द केला. नावे झाकून ऐकण्याचा सल्ला संगीताची पहिली ओळख करून घेण्यापुरता आहे. माणसाचे वर्तन झाकण्यासाठी तो वापरू नये. हे समजल्यावर पुढे ऐकायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हीच रीत इतरत्र

डाऊनवर तयार झालेला कान अन्य सुपरग्रुपना लावताना आधी एवढेच विचारावे, की ही माणसे एका खोलीत बसून वाजवत होती का? रॉक संगीतकार डेव्ह ग्रोल याच्या २००४ च्या ‘प्रोबॉट’मध्ये लेमी, किंग डायमंड, मॅक्स कॅव्हलेरा यांच्यासारखे गायक आहेत आणि करोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा माइक डीनही आहे, पण वाद्यांचे बहुतेक काम ग्रोलने एकट्याने केले आणि गायकांनी त्यावर आपापला आवाज चढवला. तो एका चाहत्याने सजवलेला संग्रह आहे आणि तसाच, सुटी सुटी गाणी घेत, ऐकावा. त्यात बँड शोधला तर निराशाच होईल. १९८५ च्या ‘एस. ओ. डी.’ (स्टॉर्मट्रूपर्स ऑफ डेथ) या बँडचे गणित याच्या उलट आहे. अँथ्रॅक्स या बँडचे स्कॉट इयन आणि चार्ली बेनांटे, पूर्वी त्याच बँडमध्ये असलेला डॅन लिल्कर आणि गायक बिली मिलानो यांनी आपला पहिला अल्बम तीन दिवसांत उरकला, आणि ती घाई हाच त्याचा प्राण आहे. त्यातील विनोद आज अनेक ठिकाणी आक्षेपार्ह वाटतो आणि तो तसा आहेही. ‘हेवन अँड हेल’ हा २००६ चा बँड लोक याच यादीत घालतात. पण तो सॅबथचाच, रॉनी जेम्स डिओ गायक असतानाचा संच होता, म्हणून त्याला ही कसोटी लावण्याचे कारण नाही.

डाऊनच्या सर्वांत जवळ जातो तो स्वीडनचा, १९९८ मध्ये सुरू झालेला ‘ब्लडबाथ’. ओपेथचा मिकाएल ओकरफेल्ट, काटाटोनियाचे आंदर्स नीस्ट्रॉम आणि योनास रेंक्से, आणि एज ऑफ सॅनिटीचा डॅन स्वानो असे चौघे त्यात जमले, ते स्टॉकहोमच्या जुन्या डेथ मेटलचा करवतीसारखा गिटारनाद पुन्हा वाजवण्यासाठी. म्हणजे डाऊनला जसा सॅबथ, तसे यांनाही एक सामाईक मूळ आहे. वाद्यांची अदलाबदलही आहेच: ओपेथमध्ये गिटार घेऊन गाणारा ओकरफेल्ट येथे केवळ गातो, काटाटोनियाचा गायक रेंक्से बेस वाजवतो, आणि एज ऑफ सॅनिटीचा गायक स्वानो पहिल्या संचात ड्रम्सवर बसतो. २००२ चा ‘रेसरेक्शन थ्रू कार्नेज’ लावावा, ओपेथ आणि काटाटोनिया ही नावे तात्पुरती बाजूला ठेवावीत, आणि पहिले गाणे पायाने ठेका धरून ऐकावे. स्वानोचे ड्रम्स मात्रेच्या पुढे धावतात की मागे राहतात, हे तिथूनच कळू लागेल.